खिळ्याला टांगलेला अभ्यास

०%

धक्क्याच्या टोकाला लाकडी खांब. खांबात नऊ खिळे. प्रत्येक खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एकेक फोन.

"हे काय, सुकत घातलेत?" पाक हेंड्रिकनी विचारलं. अंबॉन शहरातल्या प्रशिक्षण संस्थेचे संचालक; पाक म्हणजे तिकडे साहेब. सकाळच्या बोटीने आले होते, दुपारच्या बोटीने जायचे होते.

"रेंज इथंच येते, पाक. खिळ्याच्या उंचीवर. जरा खाली आणलात की गेली." हे वेल्मिन्स म्हणाली. परवाना असलेली सुईण, सव्वीस वर्षं हेच काम. सगळं बेट तिला उसी म्हणतं, थोरली बहीण म्हणून.

तिच्यासोबत आणखी आठजणी. नवा ऑनलाइन अभ्यासक्रम मार्चपर्यंत पुरा झाला नाही, तर नऊजणींचे परवाने जाणार. मग बाळंतपणं कोण करणार, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

४%

पहिल्या खिळ्यावरच्या फोनमध्ये जकार्ताच्या कंपनीने बनवलेला अभ्यासक्रम उतरत होता. पांढऱ्या कोटातली बाई बोलते, हसते. गर्भाशय गोल फिरतं, बोट लावलं की उघडतं.

दुसऱ्या खिळ्यावर आडोल्फिनाने बनवलेला. आडोल्फिना संस्थेतच काम करते, कंत्राटावर; सकाळी त्याच बोटीने आली होती. साधी पानं. मोठी अक्षरं, रेघांची चित्रं. एकदा उतरली की फोनमध्येच राहतात. उत्तरं लिहून ठेवायची, रेंज सापडली की आपोआप जातात.

आज इथं चाचणी घेऊन दोन्हींतला एक निवडायचा होता.

खरं तर चाचणीचा फोटो आधीच काढून झाला होता. मागे कापडी फलक, मांडीवर खाऊचे डबे, सगळ्यांचे अंगठे वर. चाचणी नंतर. उन्हात चेहरे घामेजतात, म्हणून फोटो नेहमी आधी.

कागदही टाइप करून आणला होता. चाचणी यशस्वी. जकार्ताचा कार्यक्रम निवडण्यात येत आहे. फक्त सह्या राहिल्या होत्या.

११%

दुसरा फोन वाजला. बासष्टच्या बासष्ट पानं उतरली होती.

पाक हेंड्रिकनी तो पिशवीतून काढून पाहिला. "आडोल्फिना, हे काय आहे? गावच्या कचेरीतला अर्ज? वीस वर्षांपूर्वीचं दिसतंय."

"बाळं अजून तशीच येतात, पाक. जुन्याच पद्धतीनं."

बायका हसल्या. एकीला तर केळ्याच्या भज्याचा ठसकाच लागला.

"मंत्रालयात दाखवायला काहीतरी हलतं-बोलतं लागतं," पाक हेंड्रिक म्हणाले. ते हसले नव्हते.

१९%

पहिल्या फोनच्या पडद्यावर, पिशवीच्या आतून, एक चौकट उजळली.

*तुम्ही अजून बघताय का? हो / नाही*

कुणी बघत नव्हतं. फोन खिळ्यावर, माणसं सावलीत. इथं फोन असाच ठेवतात. सकाळी टांगायचा, कामाला जायचं, संध्याकाळी काढायचा.

तीस सेकंदांनी चौकट गेली.

०%

"अरे! पुन्हा पहिल्यापासून?" एकजण ओरडली.

"विद्यार्थी पळून गेला की काय, ते तपासतं ते," पाक हेंड्रिकनी समजावलं. "चांगली सोय आहे. शेजारी उभं राहायचं आणि हो दाबत राहायचं."

"किती वेळ?" वेल्मिन्सने विचारलं.

"उतरेपर्यंत. असेल पाच-सहा तास."

"आणि तेवढ्यात कुणाला कळा सुरू झाल्या तर? तिला सांगू, बाई गं, जरा आवळून धर, मी हो दाबतेय?"

या वेळी हसणं धक्क्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. मासे उतरवणारेही वळून बघू लागले.

पाक हेंड्रिकनी कागद काढला, पेन काढलं, दोन्ही आडोल्फिनापुढे धरलं. आवाज खाली आणला. "सही करा. तुमचं कंत्राट डिसेंबरात संपतंय, याची आठवण मी करून द्यायला नको."

आडोल्फिनाने पेन घेतलं. टाइप केलेल्या दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: पहिला फोन, एक तास दहा मिनिटं, शून्य टक्के. दुसरा फोन, चाळीस मिनिटं, पूर्ण. सही केली आणि कागद वेल्मिन्सकडे दिला.

नऊ सह्या झाल्या. शेवटच्या तीन मागच्या बाजूला गेल्या.

"हा कागद मी वर देणार नाही," पाक हेंड्रिक म्हणाले.

"नका देऊ. मी पाठवीन," आडोल्फिना म्हणाली.

"कोण म्हणून? तुम्ही कोण, तुम्हाला कोण विचारतंय?"

"कुणीच नाही. म्हणून तर नऊजणींच्या सह्या घेतल्या."

बोटीचा भोंगा वाजला. पाक हेंड्रिकनी फलकाची घडी काखेत मारली आणि फळीवरून बोटीत चढले. तिथून ओरडले, "येताय की नाही? पुढची बोट गुरुवारी आहे!"

आडोल्फिना धक्क्यावर खाली बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या.

"ए पोरी," वेल्मिन्स तिच्यासमोर बसली. तिच्या हातात दुसरा फोन होता. "तुझी पानं उतरली, ते ठीक. पण चौथ्या धड्यातलं हे चित्र चुकलंय. बाळ झाल्यावर रक्त थांबत नाही, तेव्हा असा हात कुणी धरत नाही."

"मग कसा, उसी?"

"झोप इथं."

आडोल्फिना फळ्यांवर उताणी झाली. वरून ऊन, बाजूने आठजणी. वेल्मिन्सने तिचा हात धरला आणि तिच्याच बेंबीखाली टेकवला. वर स्वतःचा ठेवला.

दुसरा भोंगा झाला. पाणी खळबळलं.

"दाब."

आडोल्फिनाने दाबलं.

"हे काय, कणीक मळतेस? जोरात. अजून जोरात. बाई मरतेय समज."