जिना

"थांबा, मोठ्याने वाचतो," असं म्हणत काशीरामांनी रविवारची पुरवणी टेबलावर पसरली.

पुरवणीत त्यांच्या मुलाच्या, सुशांतच्या बॅन्डचा फोटो आला होता. कांदिवलीतल्या एका गॅरेजात, टेम्पोला टेकून उभी असलेली चार पोरं, मधे गिटार गळ्यात घातलेला सुशांत. बॅन्डचं नाव 'गंजका पत्रा'. ते नाव काशीरामांना कधीच आवडलं नव्हतं, पण सकाळी दूध आणायला गेले तेव्हा फोटो दोघातिघांना दाखवून आले होते.

"बस ना रे," ते सुशांतला म्हणाले. "तुझंच तर आहे."

सुशांत समोर बसला. त्याची आई वनमाला गॅसपाशी घावन काढत होती.

गेलं वर्षभर सगळे म्हणत होते की मराठीत असा बॅन्ड झालाच नाही. पहिला अल्बम आला आणि तेच लोक दोन बाजूंना उभे राहिले. कुणाला तो झकास वाटला, कुणाला नुसता गोंगाट. ड्रम वाजवणारा कुंडलिक एकेका वाईट शब्दावर रात्ररात्र तळमळत होता. सुशांतची भीती वेगळी होती. अल्बममधल्या 'जिना' या गाण्याचं कुणी कौतुक करू नये, एवढंच त्याला हवं होतं. इंग्रजी साइटवाल्यांनी ते संथ आणि रटाळ म्हणून सोडून दिलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. बाबा असली गाणी ऐकत नसत. पण पेपर ते अथपासून इतिपर्यंत वाचायचे.

"'एवढा गाजावाजा झालेल्या या बॅन्डचा पहिला अल्बम निम्माच भरलेला आहे,'" काशीरामांनी वाचलं आणि मान वर केली. "निम्मो? ह्यो कोण शहाणो?"

"जाऊ द्या बाबा. असं लिहितात लोक."

"जाऊ द्या काय? पोरं गॅरेजात घाम गाळतात, आणि हा घरी पंख्याखाली बसून लिहितो." ते पुढे वाचू लागले. "'गिटारचा दणका भरपूर, सांगण्यासारखं थोडं. आरडाओरडा कशासाठी आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही. मात्र 'जिना' या एका गाण्याने अंगावर काटा येतो. बाप कोणत्या मूडमध्ये घरी येतोय, हे जिन्यातल्या पावलांवरून ओळखणारं पोर...'"

पुढचं त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. नजर मात्र ओळीवरून ओळीवर सरकत राहिली.

वनमालाचा हात तव्यावर थांबला. घावन करपल्याचा वास आला, तेव्हा तिने गॅस बंद केला.

सुशांत आता बाबांपेक्षा उंच होता. वाटलं असतं तर उठून बाहेर जाता आलं असतं. पण आई एकटी मागे राहिली असती.

"लाव," काशीराम म्हणाले.

"काय?"

"हे गाणं. मोबाइलवर असेल ना. लाव."

"बाबा, त्याच्यात तसं काही नाही..."

"लाव म्हणतो ना."

सुशांतने लावलं. आधी एकटी गिटार वाजत राहिली. मग त्याचाच आवाज आला, ओरडून नाही, कुजबुजल्यासारखा.

*आले बघ जिन्यात बाबा, टीव्ही बंद कर,*
*आई, तुझ्या बांगड्यांचा आवाज बंद कर.*

वनमालाने पदराला हात पुसले. हात कोरडे झाले तरी ती पुसत राहिली. तिनेही हे गाणं आधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपलं. अल्बममधलं पुढचं गाणं धडाधड सुरू झालं, तसं सुशांतने घाईने ते बंद केलं.

काशीरामांचा हात वर आला.

सुशांतची मान आपोआप खांद्यात गेली. डोळे मिटले गेले. वनमाला एक पाऊल मागे सरली आणि तिची पाठ फडताळाला लागली, आतली भांडी वाजली.

काशीरामांनी चष्मा काढला. तेवढंच करायला हात वर गेला होता.

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग पोराकडे. चष्मा हातातच राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचलं असेल," शेवटी काशीराम म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"त्यांना वाचायची काय गरज?" वनमाला म्हणाली. "आपल्या भिंती कुठे एवढ्या जाड आहेत!"

असं ती त्यांना कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तीच घाबरली. सुशांत खुर्चीवरून अर्धवट उठला, बाबा उठलेच तर दोघांच्या मधे जाता यावं म्हणून.

काशीराम उठले नाहीत. त्यांनी पुरवणीची घडी घातली, ती नीट बसेना म्हणून परत उघडली, परत घातली.

"सुशांत," ते म्हणाले, "तेव्हा तू केवढा होतास रे?"

सुशांतला खरंच प्रश्न कळला नाही. जिन्यातली पावलं तर तो अजूनही ओळखत होता.

"तेव्हा म्हणजे कधी, बाबा?"