गोलघुमटाला जाण्याआधी

"मनुष्यजन्माला येऊन ज्यानं गोलघुमट पाहिला नाही, त्याचे डोळे म्हणजे मोरपिसावरचे डोळे!" प्रतापरावांनी जाहीर केलं. त्यांनी स्वतः तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

साल शहाण्णव. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरात नवराबायको दोघंच होती. दसऱ्यानंतर मारुती व्हॅन काढून कुठं जायचं, ते दुपारच्या कॉफीसोबत ठरायचं होतं. कौशल्याबाईंचा कौल म्हैसूरला होता.

"अहो, विजापूर केवढं लांब! आणि तिथं आहे काय?"

"अगं, एवढा मोठा घुमट, पण मधे एक खांब नाही! बांधणाऱ्यांचे हात सोन्यानं मढवायला हवे होते. एका भिंतीशी कुणी नुसतं कुजबुजलं तरी पलीकडच्या भिंतीशी कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. आणि एक टाळी वाजवली की घुमट तीच फिरून फिरून परत देतो. अशी!"

त्यांनी टाळी वाजवली.

समोरच्या भिंतीनं ती परत दिली. मग बऱ्याच उंचावरून आणखी एक आली. घराला माडी नव्हती.

कौशल्याबाईंनी कप खाली ठेवला. "झालं की मग! इथंच ऐकलं. आता म्हैसूर."

सहल हातची निसटतेय म्हटल्यावर प्रतापराव भिंतीजवळ जाऊन गरजले, "विजापूर!"

"विजापूर," भिंत म्हणाली. "विजापूर," वरून आलं, आणि दूर दूर जात राहिलं, त्या एवढ्याशा खोलीत मावणार नाही इतकं दूर. प्रतापरावांनी घाबरायला हवं होतं. ते म्हणाले, "वाहवा!"

वाहवा परत आली नाही.

कौशल्याबाई टेबलापाशीच होत्या. प्रतापरावांच्या कानाशी मात्र कुणी अनोळखी बाई अदबीनं कुजबुजली, "अण्णा, स्वल्प हळू. पोराचा आत्ताच डोळा लागलाय."