कन्हानच्या डोहातला डबा
मार्तंड मास्तर दर रविवारी नागपूरहून रेल्वेनं कन्हानला येत आणि नाथू ढिवराच्या डोंग्यातून डोहात गळ टाकत. गळाचा उलटा काटा त्यांनी घासून टाकला होता. मासा डोळे भरून पाहायचा आणि सोडून द्यायचा, एवढाच शौक. विणीच्या दिवसांत कोणाला जाळंही टाकू देत नसत. डोंग्यात ठेवलेला पितळी डबा वाजवून कणकेच्या गोळ्या टाकत. दहा वर्षांत त्या आवाजावर सारे मासे वर येऊ लागले. आज त्यांनी डबा वाजवला, पण पाणी हललं नाही. पुन्हा वाजवला, तेव्हा नाथूनं त्यांचा हात धरला. “नका वाजवू, मास्तर. काल खाणीवरचे गोरे साहेब आले होते. त्याहीनं मले हाच डबा वाजवाले लावला. मासे जमले, अन् सुरुंगाची कांडी फेकली.” मास्तरांनी डब्याला झाकण लावलं, आवाज होऊ नये इतक्या हळू.