शेवटची ओळ

आयर्लंडमधल्या स्लायगो गावात शाळेची बस चालवणाऱ्या फिंटनच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं, आणि इमर्जन्सीत तपासायला आली ती नर्स, ब्रोना.

“डॉक्टर नाहीत का?” त्याने संशयाने विचारलं.

“डोळ्यांचं इथं मीच बघते, काका. आधी भिंतीवरचा तक्ता वाचा. एकेका डोळ्याने.”

उजव्याने वाचता वाचताच त्याने अक्षरं पाठ करून टाकली. डाव्याने वर्षभर नुसतं धुकं दिसत होतं, पण ते कळलं तर बस हातची जाणार. ही कसली पकडतेय, नर्स तर आहे.

उजवा डोळा झाकून त्याने शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवली.





“काका, तक्ता केव्हाचा माझ्या हातात आहे.”