नंदूचं बोरन्हाण

नंदू चौरंगावर बसायला तयार नव्हती. हलव्याचा मुकुट तिनं केव्हाच भिरकावून दिला होता आणि आता ती आईच्या पायांना असा विळखा घालून उभी होती की अपेक्षाच्या नव्या काळ्या साडीच्या निऱ्यांचा पार चोळामोळा झाला होता. हॉलमध्ये गल्लीतल्या बायका आणि त्यांची पोरं दाटीवाटीनं बसली होती. पोरांचं सगळं लक्ष टोपलीकडे. टोपलीत गावरान बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, चुरमुरे आणि वरून मूठभर चॉकलेटं. नुसत्या बोरांसाठी हल्लीची पोरं जमिनीवर लोळण घेत नाहीत, म्हणून चॉकलेटं.

टोपली आणली होती आशाबाईंनी. नातीच्या बोरन्हाणासाठी त्या वेरूळजवळच्या आपल्या गावाहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. बोरं शेताच्या बांधावरची, स्वतः वेचलेली. रेवड्या तेवढ्या शहागंजातून घेतलेल्या. यात हौस होतीच, पण हौसेपेक्षा धास्ती जास्त होती. दिवाळीनंतर नंदूला न्यूमोनिया झाला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. बोरन्हाण झालं की लेकराला वर्षभर दुखणं बाधत नाही, यावर आशाबाईंचा डॉक्टरपेक्षा काकणभर जास्तच विश्वास.

शेजारच्या गोजरबाईंनी अशा वेळी सगळीकडे दिला जातो तोच सल्ला दिला. एकीनं हात धरा, एकीनं पाय धरा, दोन मिनिटं रडेल आणि गप होईल. आमची सगळी अशीच मोठी झाली. समोरच्या फ्लॅटमधली मेघा तर मोबाईल दुसरीच्या हातात देऊन, बाह्या सावरत पुढे सरकलीसुद्धा.

नंदू रडली नाही. तिनं पुढे आलेले ते हात पाहिले आणि आपला उजवा हात पाठीमागे लपवला. सलाइनची सुई त्याच हाताला लावली होती. तेव्हा तो हात हलू न देता घट्ट धरून ठेवायला नर्सनं सांगितलं होतं, आणि तो धरला होता अपेक्षानंच.

अपेक्षाला ते दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं.

"तिला कुणी धरायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मेघा जागच्या जागी थांबली.

आशाबाईंचा चेहरा उतरला. भरल्या घरात सुनेशी वाद घालणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "लेकराच्या भल्याचंच हाय ना गं माय," त्या हळूच म्हणाल्या. "लई भ्याव वाटतंय मला."

मोठी पंचाईत होती. सासूची धास्ती खरी, लेकीची भीतीही खरी, आणि दोघींच्या मधे उभी असलेली ही बाई सकाळपासून बसून चहासुद्धा प्यायली नव्हती. दुसरी एखादी असती तर चिडली असती, नाहीतर आत जाऊन रडली असती. अपेक्षानं पायांचा विळखा अलगद सोडवला, पदर खोचला आणि सरळ जाऊन स्वतःच चौरंगावर बसली. जमिनीवर पडलेला मुकुट उचलून डोक्यावर ठेवला. तो बसेना, तेव्हा केसांच्या पिनेला अडकवून कसाबसा टिकवला.

"आधी आईचं," ती नंदूला म्हणाली. "तू घाल."

बायका हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. एम.कॉम. झालेली, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात नोकरी करणारी बाई, डोक्यावर एवढासा मुकुट तिरपा घालून पोरासोरासारखी मांडी ठोकून बसली होती. एवढ्या घोडीचं बोरन्हाण जन्मात पाहिलं नाही, असं गोजरबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या.

नंदूनं आईभोवती एक फेरी मारली. मग टोपलीतलं एक बोर उचललं आणि फार जपून आईच्या डोक्यावर ठेवलं. ते घरंगळून मांडीत पडलं.

"दुखलं?" तिनं विचारलं.

"नाही गं. मज्जा आली."

मग दुसरं बोर. मग मूठभर चुरमुरे. मग दोन्ही हातांनी. अपेक्षा डोळे मिटून खुदुखुदु हसत होती, आणि ते हसू नुसतं लेकीला फसवण्यापुरतं नव्हतं. शेवटी नंदू टोपलीशी झटायला लागली, पण टोपली काही उचलेना. तिनं आजीकडे पाहिलं. आशाबाई जरा घुटमळल्या, मग पुढे झाल्या. एका बाजूनं आजीनं धरली, एका बाजूनं नातीनं, आणि अख्खी टोपली अपेक्षाच्या डोक्यावर रिकामी झाली.

पोरं तुटून पडली. नंदूही कोपरांनी वाट काढत त्यांच्यात घुसली आणि दोन्ही मुठी रेवड्यांनी भरून बाहेर आली.

गलका ओसरल्यावर गोजरबाईंच्या लक्षात आलं की टोपलीत आता एक चुरमुरासुद्धा उरला नव्हता. म्हणजे पोरीचं राहिलंच की, त्या म्हणाल्या. जिच्यासाठी एवढा घाट घातला, तिचंच राहिलं. अपेक्षाच्या हे खरंच ध्यानात आलं नव्हतं. ती घाईघाईनं उठायला लागली. बाजारातून बोरं आणून उद्या पुन्हा करू, असं काहीतरी बोलायला लागली.

आशाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं. सुनेच्या केसांत अडकलेले चुरमुरे त्या एकेक करून काढत होत्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या गोजरबाईंना म्हणाल्या. "ह्या घरात जिला आजारी पडायला सवड नाय, तिचं झालं."