वाडग्यातली गाठ

बरणीचं झाकण उघडताच आलेल्या वासावरूनच पॅथॉलॉजिस्ट बोंद्रेबाईंना कळलं, की गाठ सडली आहे. स्वादुपिंडातून काढलेली गाठ कुजू नये म्हणून लगेच फॉर्मलिनमध्ये बुडवायची असते, हे लॅबमध्ये बरण्या धुणाऱ्या पारूबाईंनाही ठाऊक होतं. सर्जन नाईकनवऱ्यांनी ती सलाइनमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी पाठवली होती.

बाईंनी फोन लावला. "काल दिवसभर गाठ कुठे होती?"

"नातेवाइकांना दाखवत होतो, मॅडम. गावाकडून माणसं येतच होती. त्यांचं समाधान नको का व्हायला?"

समाधान म्हणे. बारशाचं बाळ दाखवावं तसा हा गृहस्थ स्टीलच्या वाडग्यात गाठ घेऊन थिएटरच्या दारात उभा राहिला असणार.

"हिच्यावर हार्मोनचे रिसेप्टर आहेत की नाहीत, ते आता कळायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग निगेटिव्ह लिहून टाका. काय फरक पडतो?"

"पेशंटच्या यकृतात अजून गाठी आहेत. रिसेप्टर असतील तरच त्यांना हार्मोनचं इंजेक्शन लागू पडतं. मी निगेटिव्ह लिहिलं, तर ते तिला कोणी देणार नाही." बाईंनी फोन ठेवला.

रिपोर्टसाठी पेशंटचा नवरा बाहेर बसला होता. त्याने कौतुकाने मोबाइल पुढे केला. "ही बघा गाठ. डॉक्टरांनीच फोटो काढायला लावला." वाडगं हातात धरून नाईकनवरे झकास हसत होते.

बाईंनी तो फोटो मागून घेतला, छापला आणि रिपोर्टला टाचला. खाली लिहिलं, "नमुना सडल्यामुळे रिसेप्टर तपासता आले नाहीत. यकृतातल्या गाठीचा तुकडा घेऊन पाठवावा. सडण्याचं कारण सोबतच्या फोटोत हसत उभं आहे."