राणीशेजारची सीट

पुण्याच्या प्रेषण केंद्रासमोर भोईटेबाई आपल्या कोऱ्या व्हॅनमध्ये राणीमाशीची पेटी पट्ट्यानं बांधत होत्या. धंद्यातली ही पहिलीच वर्दी. तीन तासांत महाबळेश्वर गाठायचं होतं; राणी पोचली नाही, तर तिथली मधमाश्यांची वसाहत मोडणार होती.

"तीन तास?" केंद्राचे साहेब मोहोळकर हसले. "आमच्या यंत्रात घातलेला ट्रॅक्टरसुद्धा पापणी लवायच्या आत दुसऱ्या गावच्या यंत्रातून निघतो. या जमान्यात गाडी घेतं का कुणी?"

"निघतो ना. पण काल तुमच्याच यंत्रातून पाठवलेली राणी पलीकडे मेलेली निघाली. जीव असलेलं काही तुमच्याकडून जिवंत पोचतं का, साहेब?"

मोहोळकर उत्तर देणार, तोच त्यांचा फोन वाजला. वाईला त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. माल यंत्रातून जायला लागल्यापासून लोकांचं गावोगाव फिरणंच थांबलं होतं; त्यांनी गाड्या मोडीत काढल्या होत्या आणि एस.टी. आठवड्यातून एकदाच सुटायची.

साहेब खिडकीशी आले. "बाई, वाई तुमच्या वाटेवरच ना?"

भोईटेबाईंनी शेजारच्या सीटवरचा जेवणाचा डबा उचलला.

"बसा. फक्त पेटीला धक्का लागू देऊ नका. राणीनं तुमच्या आधी गाडी ठरवलीय."